रुमालाखालचा सौदा

"आप्पा, आज वार कोणता?" डॉक्टर आवटींनी विचारलं.

आप्पांनी कॉटवर मांडी घातली, धोतराचा सोगा नीट केला आणि मिशीतल्या मिशीत हसले.

"तुमचं काय म्हणणं आहे?"

"माझं राहू द्या. तुम्ही सांगा."

"तुम्ही शिकलेली माणसं. तुम्ही एक बोला, मग बघू."

"रविवार म्हणू या?"

"म्हणा की. माझं काही अडत नाही."

डॉक्टरांनी कागदावर पेन टेकवलं आणि परत उचललं. हे उत्तर बरोबर धरायचं की चूक, ते त्यांना शिकवलेलं नसावं.

"बरं, महिना कोणता?"

"डॉक्टर, तुम्ही आज घाईत दिसताय. आधी चहा घ्या. अगं, डॉक्टरांना चहा टाक."

समोरच्या खुर्चीत माझा थोरला भाऊ शीतल बसला होता. तो म्हणाला, "बघितलंत? हे असं दोन वर्षं चाललंय आणि कुणालाही कळलं नाही."

शीतल हे आमच्या सांगली भागातल्या जैनांमध्ये पुरुषाचं नाव असतं. पुण्यात हे कुणाला माहीत नसल्यामुळे त्याला बँकेची पत्रं 'श्रीमती' म्हणून येतात, आणि त्याचा स्वभाव थोडा तापट होण्यामागे हे एक कारण असावं. त्या रविवारी तो सकाळीच गाडी घेऊन आला होता, आप्पांना घेऊन जायला. पुण्याच्या बाहेर एक केंद्र होतं, स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांसाठी. तिथं त्यानं जागा ठरवली होती. केंद्राच्या माहितीपत्रकावर काही म्हातारे डोक्याला गवती टोप्या घालून गुलाबाला पाणी घालताना दाखवले होते. आप्पांनी आयुष्यात कशालाही पाणी घातलं नव्हतं. ते हळदीचे अडते होते आणि पाण्याशी त्यांचं व्यावसायिक वैर होतं.

अडत्या म्हणजे शेतकऱ्याचा माल व्यापाऱ्याला विकून देणारा माणूस. आप्पांनी चाळीसएक वर्षं मार्केट यार्डात हा धंदा केला. त्या धंद्याचा पहिला नियम असा, की आपण आधी बोलायचं नाही. समोरच्याला बोलू द्यायचं, मान हलवायची, आणि तो पुरता उघडा पडला की मग आपला भाव काढायचा. आप्पा हे घरीही करायचे. आईनं लग्नानंतर पहिल्यांदा विचारलं, "भाजी कशी झालीय?" तेव्हा ते म्हणाले होते, "तुला काय वाटतं?" आई अजून ते विसरलेली नाही.

त्यामुळे आप्पांची स्मरणशक्ती गेली तेव्हा ती गेल्याचं आमच्या लक्षातच आलं नाही. कुणी पाहुणा यायचा आणि आपल्याकडच्या रीतीप्रमाणे म्हाताऱ्या माणसापुढे वाकून विचारायचा, "काय आप्पा, ओळखलंत का?" आप्पा त्याचा हात हातात घ्यायचे आणि म्हणायचे, "तुम्हाला कसं विसरीन? घरची मंडळी काय म्हणतात?" पाहुणा घरच्यांची यादी वाचायचा. आप्पा त्यातलंच एक नाव उचलून त्याला परत द्यायचे. पाहुणा जाताना आम्हाला सांगून जायचा की या वयातही आप्पांची मेमरी काय तल्लख आहे.

आईला कळलं होतं. पण ती बोलली नव्हती. दारावर थाप पडली की ती स्वयंपाकघरातून मोठ्यानं ओरडायची, "अहो, कुपवाडचे रावसाहेब आलेत बघा. त्यांच्या मुलीचं लग्न झालंय नुकतं." आम्हाला वाटायचं, हिला हल्ली फारच उत्साह आलाय.

आणि डॉक्टर आवटीही फसले. ते आमचे फॅमिली डॉक्टर, म्हणजे आमचे जन्म सोडून बाकी सगळं त्यांच्या हातचं. कुणी कुठल्या शाखेला जावं, प्लॉट घ्यावा की नाही, मुलाची पत्रिका बघावी की रक्तगट, हे सगळं आमच्याकडे त्यांना विचारूनच व्हायचं. दर महिन्याला ते आप्पांचं बीपी बघायचे. "कसं काय आप्पा?" "तुम्हीच सांगा." "उत्तम आहे." "मग उत्तम." असा संवाद व्हायचा आणि दोघंही खूश असायचे.

मग कोल्हापुरात एका रविवारी जनरल प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरांसाठी स्मृतिभ्रंशावर शिबिर झालं. डॉक्टर आवटी गेले, कारण जेवण चांगलं आहे असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. परत आले ते गंभीर होऊन. "अरे महावीर," ते मला म्हणाले, "तिथं ते एकेक लक्षण सांगत होते आणि माझ्या डोळ्यांपुढे एकेक पेशंट येत होता. तुझे आप्पा तर पहिल्या पाच मिनिटांतच आले."

त्याच आठवड्यात आप्पा यार्डात गेले. त्यांची पेढी विकून बरीच वर्षं झाली होती. तिथं आता मोबाइलचं दुकान होतं. आप्पा आत गेले, काउंटरमागे बसले आणि दुकानदार चहा सांगायला गेला तेवढ्यात दोन गिऱ्हाइकांना माल ओला आहे म्हणून परत पाठवलं. इथपर्यंत सगळ्यांना हसू आलं. पण तिथून निघाल्यावर ते घराऐवजी स्टँडवर गेले आणि मिळेल त्या बसमध्ये बसले. संध्याकाळी जयसिंगपूरहून एका कंडक्टरचा फोन आला. आप्पांना घ्यायला मी गेलो तेव्हा ते फलाटावरच्या बाकावर बसले होते. मला बघून म्हणाले, "तुमच्याकडचं कुणी यायचं आहे का?"

हे मी शीतलला सांगितलं आणि त्यानं जागा ठरवली. त्यात त्याचं काही चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही. लांब राहणाऱ्या माणसाला घाबरायला जास्त वेळ मिळतो.

आईनं मात्र आप्पांची बॅग भरायला नकार दिला नाही. ती तिनं सकाळीच भरून दाराशी ठेवली होती. शीतलनं उघडून बघितली तर त्यात तिच्याच साड्या होत्या.

"आई, तिथं पेशंटच राहतात. बायकांना सोय नाही."

"मग सोय झाली की कळव," आई म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

शेवटी आमच्याकडे होतं तेच झालं. डॉक्टर सांगतील तसं करू, असं ठरलं. डॉक्टरांना बोलावलं. ते नवीन शिकून आलेली परीक्षा घेऊन आले.

"आप्पा," चहा झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "शंभरातून सात वजा करा."

"कुणाचे शंभर?"

"कुणाचेही."

"असं कसं? ज्याचे आहेत त्याला विचारायला नको?"

डॉक्टरांनी तो प्रश्न सोडून दिला. मग त्यांनी आप्पांपुढे कोरा कागद ठेवला. "यावर एक घड्याळ काढा. सगळे आकडे घाला आणि काटे दाखवा."

आप्पांनी फार छान गोल काढला. बराच वेळ त्याच्याकडे बघितलं. पेन्सिल गोलाच्या आत टेकवली, बाहेर टेकवली. कपाळावर घाम आला. मग त्यांनी कागद डॉक्टरांच्या पुढे सरकवला आणि नेहमीचं हसू हसून म्हणाले, "पुढचं तुम्ही भरा. विश्वास आहे तुमच्यावर."

कुणी हसलं नाही.

डॉक्टरांनी कागद घडी करून खिशात ठेवला. "झाली परीक्षा," ते म्हणाले. "आप्पा, कान दाखवा बघू."

"कान कशाला?" शीतल म्हणाला.

"आजपर्यंत बघितले नाहीत म्हणून."

त्यांनी बॅगेतनं दिवा काढला, दोन्ही कानांत बघितलं आणि हळूच शीळ घातली. मग तेल कोमट करून आणायला सांगितलं, थेंब घातले, वाट बघितली, पिचकारी मारली, आणि उजव्या कानातून जे निघालं ते पाहून आई म्हणाली, "अगं बाई, हे कुठं होतं?"

"शीतल," डॉक्टर हात पुसत म्हणाले, "आजार आहे. तो बरा होणार नाही. पण थोडा आजार कानात होता, तो गेला. आणि थोडा या गोळीत आहे." त्यांनी खिडकीतली एक पट्टी उचलली. "ही झोपेची गोळी कुणी दिली?"

"शीतलनं पुण्यात विचारलं त्या मोठ्या डॉक्टरांनी. रात्री उठतात म्हणून," आई म्हणाली.

"ही बंद करू, हळूहळू. हिच्यामुळे दिवसा आणखी गोंधळतात. आणि आई, तुम्ही इकडे या. हात द्या."

"माझं काय बघताय?"

"बीपी. तुमचं शेवटचं कधी बघितलं, मला आठवत नाही, म्हणजे माझीही परीक्षा घ्यायला पाहिजे." त्यांनी पट्टा बांधला, बघितलं, आणि आईकडे चष्म्याच्या वरून बघितलं. "रात्री झोपता का?"

"ते झोपले की झोपते."

"आणि ते?"

"ते नाही झोपत."

शीतल उठला. "डॉक्टर, हेच म्हणतोय मी. आई किती दिवस करणार? महावीर कॉलेजात शिकवतो, त्याची बायको शाळेत. तिथं चोवीस तास नर्स आहे. मोठे डॉक्टर आठवड्यातून दोनदा येतात. इथं काय आहे?"

"इथं मी आहे," डॉक्टर म्हणाले. ते काही फार वजनदार वाक्य वाटलं नाही. त्यांनाही वाटलं नसावं, कारण त्यांनी लगेच चष्मा पुसायला घेतला.

"तुमच्याबद्दल आदर आहे. पण तुम्ही एमबीबीएस आहात आणि एका रविवारचा कोर्स केलाय. मी एमडीचं मत घेतलंय."

"काय मत आहे त्यांचं?"

"ठेवा म्हणाले केंद्रात."

"आप्पांना विचारलं?"

"आप्पांना काय विचारणार? ते आज वार कोणता ते सांगू शकत नाहीत."

"वार नाही सांगता येत," डॉक्टर म्हणाले. "आप्पा, तुम्हाला पुण्याला जायचंय का?"

आप्पांनी आळीपाळीनं आम्हा सगळ्यांकडे बघितलं. सौदा चाललाय हे त्यांना कळलं होतं. कशाचा ते कळलेलं नव्हतं.

"तुम्ही सगळे म्हणाल तसं," ते म्हणाले.

"बघा," शीतल म्हणाला.

मला वाटलं, संपलं. आई स्वयंपाकघराच्या चौकटीला धरून उभी होती. तिच्या बॅगेत साड्या होत्या आणि त्या घेऊन ती कुठंही जाणार नव्हती. उद्या सकाळी दारावर थाप पडली तर ती कुणाला ओरडून सांगणार, हा विचार माझ्या मनात आला आणि मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

डॉक्टर खुर्चीवरून उठले आणि आप्पांच्या शेजारी कॉटवर जाऊन बसले.

"आप्पा, तुमचा रुमाल द्या."

आप्पांच्या खांद्यावर कायम एक मोठा पांढरा रुमाल असायचा, पंचाएवढा. पूर्वी यार्डात सौदे रुमालाखाली व्हायचे. अडत्या आणि व्यापारी समोरासमोर बसायचे, हातात हात घ्यायचे, वर रुमाल टाकायचे आणि आत बोटं दाबून भाव बोलायचे. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी कुणाला काही कळायचं नाही. पुढे ते बंद झालं, उघड लिलाव आला. पण आप्पांच्या पिढीतल्या लोकांचा उघड बोललेल्या भावावर कधीच विश्वास बसला नाही.

आप्पांनी रुमालाकडे बघितलं, डॉक्टरांकडे बघितलं. त्यांची पाठ सरळ झाली. ती सरळ होऊ शकते हे आम्ही विसरलो होतो.

"तुम्ही कुणाचे?" त्यांनी विचारलं.

"कवठेपिरानच्या आवटींचा. माझे वडील तुमच्याच पेढीवर हळद आणायचे."

"मग बसा की नीट."

दोघांचे हात रुमालाखाली गेले. आप्पांचा चेहरा एकदम कोरा झाला, जुन्या अडत्यांचा होतो तसा. डॉक्टर त्यांच्याकडे बघतही नव्हते. ते समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. मला वाटलं, समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं नाही, अशी सौद्याची रीत असेल.

"शीतलचं म्हणणं आहे, पुण्याला चला," डॉक्टर शांतपणे म्हणाले.

रुमाल हलला. आतलं एक बोट वर आलं, खाली गेलं.

"आईंचं म्हणणं आहे, इथंच घरी राहा."

रुमाल पुन्हा हलला.

"पुणं." डॉक्टर थांबले. "घर." पुन्हा थांबले. "परत एकदा विचारतो. पुणं."

शीतलही पुढे वाकून बघत होता. कॉलेजात असताना सुट्टीत तो पेढीवर बसायचा. त्याला यातलं माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

"घर," डॉक्टर म्हणाले.

रुमालाखाली बराच वेळ काहीतरी चाललं. मग आप्पांनी स्वतःच रुमाल बाजूला काढला आणि हसत डॉक्टरांच्या तळहातावर जोरात टाळी दिली.

"ठरलं," आप्पा म्हणाले.

"ठरलं," डॉक्टर म्हणाले आणि हात चोळत उठले. "घरी राहायचं आहे त्यांना."

"कशावरून?" शीतल म्हणाला. "किती बोटं दाबली?"

"शीतल, तू मगदूम अडत्यांचा मुलगा. टाळी झाल्यावर आतलं कुणी विचारतं का?"

शीतल काहीतरी म्हणणार होता. तो एमडीच्या विरुद्ध गेला नसता, बायकोच्या विरुद्ध एकदा गेला होता. पण टाळी झालेला सौदा मोडणं हे त्याच्याच्यानं होणार नव्हतं. तो खाली बसला.

"आणि परत निघून गेले तर?" तो म्हणाला. आता त्याच्या आवाजात भांडण नव्हतं.

"जाणारच. त्यांना रोज यार्डात न्यायचं. सकाळी एक माणूस ठेवा, तो बरोबर जाईल, मोबाइलवाल्याकडे चहा पिऊन परत आणेल. मोबाइलवाल्याशी मी बोलतो, त्याची शुगर माझ्याकडेच आहे. स्टँडवर कंट्रोलरला सांगतो, त्याचा गुडघा माझ्याकडे आहे. खिशात नाव आणि फोन लिहिलेली चिठ्ठी ठेवा. तो माणूस आहे तेवढा वेळ आईंनी झोपायचं. स्वयंपाक करायचा नाही, झोपायचं. मी दर गुरुवारी येईन, दोघांना बघायला."

"आणि औषध?"

"देतो ना." डॉक्टरांनी चिठ्ठ्यांचं पॅड काढलं, झोकात लिहिलं, सही केली, शिक्का मारला आणि माझ्या हातात दिलं. त्यावर लिहिलं होतं: 'या घरात कुणीही ओळखलंत का असं विचारू नये. आल्यावर आधी आपलं नाव सांगावं, मग गावाचं, मग बसावं. दिवसातून जितके पाहुणे येतील तितक्या वेळा.'

ते मी दाराला चिकटवलं. पुढे नातेवाईक त्यावरून बरंच काही बोलले. कुपवाडचे रावसाहेब तर रुसलेच, पण रुसायला म्हणून आले तेव्हा त्यांनीही आधी आपलं नाव सांगितलं.

शीतल संध्याकाळी निघाला. बॅगेतल्या साड्या आईनं परत कपाटात लावल्या होत्या. त्यानं आप्पांना वाकून नमस्कार केला आणि सवयीनं तोंड उघडलं, मग दाराकडे बघून थांबला.

"आप्पा, मी शीतल. तुमचा थोरला. पुण्याला निघालोय."

आप्पांनी त्याचा हात हातात घेतला. घरच्या मंडळींची चौकशी त्यांनी केली नाही. करायची गरज राहिली नव्हती.

"शीतल," ते म्हणाले. "सावकाश जा. आणि माल झाकून ने."

शीतल गाडीत बसून बराच वेळ काच पुसत होता. काच स्वच्छ होती.

आप्पा त्यानंतर चार वर्षं घरीच होते. सगळी सोपी गेली असं मी म्हणणार नाही. शेवटचं वर्ष तर त्यांना आपण कुठं आहोत हेही कळत नव्हतं, आणि आईलाही काही दिवस आपण कुठं आहोत हे कळू नये असं वाटायचं. पण गुरुवारी संध्याकाळी डॉक्टर यायचे, "मी आवटी, कवठेपिरानचा" म्हणायचे, दोघांचं बीपी बघायचे, आईला रागवायचे आणि चहा घेऊन जायचे. एका गुरुवारी ते आले तेव्हा आप्पा नुकतेच गेले होते. त्या दिवशीही आईनं त्यांना चहा दिला.

पुढे माझंच बीपी वाढलं. उपरोधिक लिहिणाऱ्या माणसाचं वाढतं, असं डॉक्टर म्हणाले. माझं मनगट धरून ते भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसले होते. ते तसे बसलेले मी आधी एकदा बघितले होते, आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

"डॉक्टर, खरं सांगा. त्या दिवशी आप्पा काय भाव बोलले?"

"कुठल्या दिवशी?"

"रुमालाखाली."

डॉक्टरांनी माझा हात सोडला नाही. "मला बोटांची भाषा येत नाही रे. माझे वडील शेतकरी, माल टाकून बाजूला उभे राहायचे. रुमालाखाली काय व्हायचं ते त्यांनाही कधी कळलं नाही, मला कुठून कळणार?"

"मग?"

"नाडी बघत होतो. पुणं म्हटलं की धावायला लागायची. घर म्हटलं की खाली यायची. खात्रीसाठी परत विचारलं. तेच."

"हे त्या कोर्समध्ये होतं?"

"नाही. तिथं जेवण चांगलं होतं."

"पण त्यांची बोटं तर चालली होती. काहीतरी सांगत होते ते तुम्हाला."

"भाव करत होते. चांगला कसून करत होते." डॉक्टरांनी माझा हात खाली ठेवला आणि लिहायला लागले. "मला काय कळतंय? मी आपला मान हलवत होतो. पण शेवटी टाळी त्यांनी दिली आणि हसले, म्हणजे तोट्यात मीच गेलो असणार."